जोहार, दंडवत, नमस्कार

मंडळी, नमस्कार. हा शब्द आज आम्ही जरा सावकाश उच्चारला, कारण पुढचा तासभर आपण त्याच्याच आसपास फिरणार आहोत. दारातून आत येताना आपण सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार केला. कोणी हात जोडले, कोणी नुसती मान हलवली, कोणी ओळखीचं हसून भागवलं. कोणाला त्यात काही विशेष वाटलं नसेल. पण याच महाराष्ट्रात एक काळ असा होता, की हा शब्द कोणी तोंडातून काढायचा आणि कोणी नाही, यावर सरकारी हुकूम निघत होते.

साल 1779, महिना ऑगस्ट. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तिथल्या सोनार जातीच्या प्रमुखाला, दामुलशेट त्रिंबकशेट यांना, लेखी कळवलं की तुमच्या जातीच्या लोकांनी 'नमस्कार' हा अभिवादनाचा प्रकार वापरू नये. हा प्रकार फक्त आमचा, सोनारांना तो अधिकार नाही, अशी ब्राह्मणांची तक्रार होती आणि पेशव्यांकडून ती वारंवार मुंबईला पोचत होती. कंपनीने मनाई केली आणि मनाई केल्याचं पेशव्यांना कळवायचं ठरवलं, म्हणजे हा विषय एकदाचा मिटेल.

या तारखेकडे थोडं लक्ष द्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडून तह लिहून घेतला होता आणि मुंबईकरांनी तो मानायला नकार दिला होता. म्हणजे दोन्ही सरकारं युद्धात होती. पुण्यात सवाई माधवराव पाच वर्षांचे, कारभार नाना फडणिसांच्या हाती. अशा धामधुमीत सोनार एकमेकांना काय म्हणतात, ही गोष्ट दोन्ही सरकारांच्या कागदावर येते. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. नंतर विचार केला, की तोफा चालू असताना जी तक्रार मागे पडत नाही, ती क्षुल्लक कशी असेल?

सोनारांचं म्हणणं काय होतं? आम्ही दैवज्ञ ब्राह्मण आहोत. निऱ्या काढून धोतर नेसायचं की नाही, यावरही असाच वाद होता. आता, सोनार गरीब होते का? मुळीच नाही. मुंबईत त्यांच्याकडे पैसा होता, पेढ्या होत्या. याच समाजात पुढे 1803 साली जगन्नाथ शंकरशेट जन्मले. म्हणजे हे भांडण पैशासाठी नव्हतं. समोरच्याने आपल्याशी बोलताना कुठल्या पायरीवर उभं राहायचं, त्यासाठी ते होतं. आणि मनाई कशाला होती, तेही पाहा. तक्रार सोनार आपसांत काय म्हणतात, याची होती. दोन सोनार भेटले तर त्यांनी एकमेकांबद्दल किती आदर वाटून घ्यायचा, याचं माप तिसरा माणूस ठरवत होता.

भावनांचा इतिहास ही आता अभ्यासाची एक मान्य शाखा आहे. आपल्याकडे मात्र अजून एक समजूत पक्की आहे, की राग, माया, लाज, आदर ही माणसाच्या आतली, खासगी गोष्ट. ती सगळ्या काळात सारखीच असते आणि समाज फक्त ती दाखवण्याच्या पद्धती ठरवतो. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. जुने कागद वाचले की दिसतं ते असं, की कोणाबद्दल काय वाटून घ्यायचं हेही शिकवलं जात होतं, आणि ते शिकवण्याची पहिली शाळा म्हणजे अभिवादन. लहान पोराला बोलता यायच्या आधी आपण शिकवतो, 'बाप्पाला जय कर, आजोबांच्या पाया पड'. आदर म्हणजे काय, हे त्याला कुठे कळतंय? आधी कंबर वाकते, मन मागून येतं.

मराठेशाहीतली पत्रं पाहिली तर हे फार स्पष्ट होतं. पत्र कसं लिहावं, कोणाला कुठला मायना घालावा, हे शिकवणारी मेस्तकं असत. वडिलांना 'तीर्थरूप', मुलाला 'चिरंजीव'. वडील आशीर्वाद लिहिणार, मुलगा साष्टांग नमस्कार. ब्राह्मण बरोबरीच्या ब्राह्मणाला नमस्कार लिहिणार, मराठा सरदाराला आशीर्वाद. मराठे आपसांत रामराम किंवा दंडवत. सवाष्ण बाई 'सौभाग्यवती', विधवा 'गंगाभागीरथी'. महाराने करायचा जोहार, आणि तो तोंडीच, कारण त्याच्याकडून पत्र येण्याची अपेक्षाच नव्हती. पत्र उघडलं की मजकूर वाचण्याआधीच कळायचं, की लिहिणारा आपल्या वर आहे की खाली.

यावर कोणी म्हणेल, हे तर कारकुनाने गिरवलेले ठोकळे, यात भावना कुठली? हा आक्षेप आम्ही एके काळी स्वतःच घेत होतो. पण ठोकळा पोकळ असता, तर तो चुकल्यावर माणूस दुखावला नसता. आपणही शाळेत रजेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असं लिहिलं आहे. आज्ञाधारक किती होतो ते सोडा. पण तो शब्द गाळून अर्ज द्यायची छाती झाली असती का?

इथे एक गाठ सोडवून घेतली पाहिजे. दर्जा आणि सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातात असतातच असं नाही. महादजी शिंदे 1792 साली उत्तरेतून पुण्यात आले, तेव्हाची गोष्ट ग्रँट डफने नोंदवली आहे आणि ती पुष्कळांना माहीत असेल. दिल्लीचा बादशहा ज्यांच्या मुठीत, फ्रेंच पद्धतीच्या पलटणी ज्यांच्या पदरी, असे महादजी दरबारात आले ते काखेत बासन मारून. आतून जोडे काढले आणि अठरा वर्षांच्या पेशव्यापुढे ठेवले. आमच्या बापाचं काम हेच, तेच माझं, असा त्याचा भाव. स्वतःला ते 'पाटील' म्हणवून घेत.

हे खरं होतं की नाटक? नाना फडणिसांना ते नाटक वाटलं असणार, आणि नाना काही भोळे नव्हते. आमचं मत असं, की हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. महादजींना धन्याबद्दल निष्ठा वाटतही असेल, त्याच वेळी ती दाखवण्याचा फायदाही कळत असेल. एकाच मनात दोन्ही सुखाने राहतात. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. ज्याच्यामागे पलटणी उभ्या आहेत, त्याला जोडे उचलणं परवडतं. त्याच्या नम्रतेचं कौतुक होतं, ती इतिहासात नोंदली जाते. त्याच पुण्यात रोज जोडे उचलणाऱ्या हुजऱ्याची नम्रता कोण नोंदवणार? ती त्याची नोकरी. आणि तेरा वर्षांपूर्वी मुंबईच्या सोनाराने एक पायरी वर चढून 'नमस्कार' म्हटलं, तर तो उद्धटपणा. नम्र होण्याचासुद्धा अधिकार लागतो.

आता दरबारातून घरात येऊ. घरात सत्ता नसते, माया असते, असं आपण म्हणतो खरं.

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी' हे पुस्तक 1910 साली आलं. या पुस्तकात रमाबाई नवऱ्याचा उल्लेख करतात तो 'स्वतः' असा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा रिवाज. मग चरित्र लिहायचं कसं? त्यांनी हा शब्द वापरला, आणि पुस्तकभर एका माणसाला सगळे 'स्वतः' म्हणत असल्यासारखं वाचताना वाटू लागतं. बायकोच्या लेखणीत नवरा 'स्वतः' आणि आपण जवळपास उरलोच नाही. आजच्या वाचकाला हे टोचतं. आम्हालाही टोचतं. पण त्याच शब्दात एक जवळीक आहे, तीही नाकारता येत नाही. नाव घेतल्याने ती आली असती का, कोण जाणे. उखाण्याचंही तसंच. एरवी ओठांवर न येणारं नाव चारचौघांत, सणावारी, यमकाच्या आडून घ्यायचं. बंदी आणि लाड एकाच जागी.

या लग्नाची सुरुवात कशी झाली, तेही पाहू. 1873 साली माधवराव रानडे एकतीस वर्षांचे, न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर, विधवाविवाहाचे नावाजलेले पुरस्कर्ते. ऑक्टोबरात त्यांची पहिली पत्नी वारली. मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाई केली आणि डिसेंबरात अकरा वर्षांची मुलगी सून म्हणून आणली. रानड्यांची इच्छा नव्हती. कोर्टात ज्यांचा शब्द हुकूम होता, त्यांचा शब्द घरात वडिलांपुढे चालला नाही. सुधारकांनी त्यांना यावरून फार बोलून घेतलं, आणि ते बोलणं चुकीचं होतं असं आम्ही म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट नजरेतून सुटू नये. वडिलांचा तो धाक आणि वडिलांवरची ती भक्ती रानड्यांना वेगळी काढून दाखवता आली नसती. ती एकाच धाग्याने विणलेली होती.

लग्नानंतर रानड्यांनी बायकोला शिकवायला घेतलं, आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या मोठ्या बायकांना ते खपलं नाही. टोमणे, अबोला, पंगतीत आणि कामात वेगळं पाडणं, हे सगळं रमाबाईंनी लिहिलं आहे. 1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला, तेव्हा तर घरात फारच धुसफुस झाली. रमाबाईंची अवस्था काय? नवऱ्याचं ऐकलं तर सासरच्या बायका नाराज, त्यांचं ऐकलं तर नवरा. ज्या गोष्टीला आपण आज 'शिक्षणाचं स्वातंत्र्य' म्हणतो, ती त्यांना मुळात नवऱ्याची आज्ञा म्हणून मिळाली होती.

आणि त्या बायकांचं काय? त्यांना खलनायिका करून टाकणं सोपं आहे, चित्रपटवाल्यांनी ते केलंच आहे. पण जरा त्यांच्या बाजूने पाहा. घरात विधवा होत्या. समाजात त्यांना जागा नाही, मंगल कार्यात पुढे यायचं नाही, नावापुढे 'गंगाभागीरथी'. आयुष्यात अधिकार म्हणून जो काही वाट्याला आला, तो स्वयंपाकघरातला, आणि तो चालायचा लहान सुनेवर. तीच सून उद्या इंग्रजी वाचू लागली, मडमांबरोबर बसू लागली, तर तोही जाणार. त्यांच्या रागाखाली भीती होती, असं आम्हाला वाटतं. ज्याच्याकडे एकच पायरी आहे, तो ती सोडताना सर्वांत जास्त ओरडतो.

दिवसा नवराबायकोने बोलायचं नाही, वडीलधाऱ्यांदेखत बापाने स्वतःच्या मुलाला उचलून घ्यायचं नाही. आपल्यापैकी ज्यांचे आजीआजोबा एकत्र कुटुंबात वाढले, त्यांनी हे ऐकलेलं असेल. 'आमच्या वडिलांनी आम्हाला कधी मांडीवर घेतलं नाही' हे वाक्य किती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय! पण तेच वडील नातवाला खांद्यावर घेऊन गावभर हिंडायचे. मायेची कमतरता नव्हती. घरात कर्ता होईपर्यंत ती उघड करण्याचा हक्क नव्हता, एवढंच. ज्या मुलांना ती मिळाली नाही, त्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा होता असंही नाही.

घराची चौकट ओलांडून माया बाहेर पडली तर काय व्हायचं, याचा एक कागद आपल्याकडे आहे. सावित्रीबाई फुल्यांनी 29 ऑगस्ट 1868 रोजी माहेराहून, साताऱ्याकडच्या नायगावाहून, जोतीरावांना लिहिलेलं पत्र. गावात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग सांगत फिरायचा. त्याचा आणि सारजा या अस्पृश्य समाजातल्या मुलीचा जीव एकमेकांवर जडला. तिला सहावा महिना लागला तेव्हा बोभाटा झाला. लोकांनी दोघांना धरून गावातून मारत धिंड काढली, ठार मारायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या आणि त्यांनी जमावाला कशाची भीती घातली? इंग्रजी कायद्याची. खून कराल तर परिणाम भोगाल. जमाव मागे सरला, पण दोघांनी गाव सोडावं या अटीवर. सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिलं.

सावित्रीबाईंनी जमावाला प्रेमाची थोरवी सांगितली नाही, त्यांना आपलं गाव माहीत होतं. दयेचं आवाहनही त्यांनी केलं नाही. दया येण्यासाठी समोरचा आपल्यासारखा माणूस वाटावा लागतो, आणि त्या क्षणी तो तसा वाटत नव्हता. एका सत्तेच्या अंगावर दुसरी, लांबची सत्ता घातली. दोन जीव वाचले ते असे.

याच सावित्रीबाईंचं त्याआधीचं, 1856 सालचं पत्रही नायगावचंच आहे. त्या आजारी म्हणून माहेरी होत्या. सख्खा भाऊ त्यांची सेवा करत होता आणि त्याच तोंडाने म्हणत होता, की तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी काम करता, म्हणून बहिष्कृत आहात, जातीच्या आणि भटांच्या सांगण्याप्रमाणे वागा. भावाची माया खोटी नव्हती आणि बहिष्काराचा धाकही खोटा नव्हता. सावित्रीबाईंनी त्याच्याशी वाद घातला, नातं तोडलं नाही.

आता 1901 साल. रानडे त्याच वर्षी जानेवारीत वारले. साताऱ्यात राहणारा, नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं असे चौघे वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुलं मसूर स्टेशनवर उतरली. नवे सदरे, जरीच्या टोप्या. न्यायला कोणीच आलं नव्हतं, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे इंग्रजीत लिहून ठेवली. ती बहुतेकांनी वाचली असेल, तरी तिच्यातल्या स्टेशनमास्तराकडे आज आपण जरा वेगळ्या नजरेने पाहू या.

गाडी जाऊन बराच वेळ झाला तरी मुलं तिथेच, हे पाहून मास्तर जवळ आले. मायेने विचारपूस केली, कुठे जायचं, कोण तुम्ही. मुलांच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून त्यांनी काही एक अंदाज बांधला होता. एकजण न कळत बोलून गेला, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा क्षणात पालटला. ते आपल्या खोलीत निघून गेले.

आम्ही विचारतो, आधीची ती माया ढोंग होती का? आम्हाला तसं वाटत नाही. ती खरी होती, म्हणूनच हा प्रसंग इतका भयंकर आहे. चार एकटी पोरं पाहून माणसाला जे वाटायला हवं, ते त्यांना वाटलं. आणि एका शब्दाने ते वाटणं बंद झालं. अर्ध्या तासाने मास्तर परत आले. म्हणजे खोलीत बसून त्यांच्या मनात काहीतरी चाललं असणार. मग त्यांनी गाडीवाल्यांशी बोलणं केलं. कोणी यायला तयार नव्हतं. शेवटी तोड निघाली, की दुप्पट भाडं द्यायचं, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाला बरोबर पायी चालेल. मदत झाली, पण सुरुवातीचा सूर काही परत आला नाही. रात्रभर मुलांना कोणी पाणी दिलं नाही. डबा उघडूनही उपाशी राहायची वेळ आली, कारण पाण्याशिवाय घास उतरेना.

तो गाडीवाला काही श्रीमंत नव्हता. दुप्पट भाड्याचा मोह त्यालाही पडलाच. पण महाराच्या पोरांशेजारी बसून गाडी हाकली, तर त्याच्याजवळची एकमेव शिल्लक जाणार होती. रानड्यांच्या घरातल्या त्या बायका आठवतात का?

जोहाराकडे परत येऊ. चौदाव्या शतकातल्या चोखोबांच्या अभंगांत विठ्ठलाला जोहार आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी, ब्राह्मण असून, महाराच्या भूमिकेत शिरून जोहाराची भारुडं रचली. देवापुढे सगळे महार, अशी ती भावना. तिच्या मोठेपणाविषयी वाद नाही. पण भारुड संपलं की एकनाथ वाड्यावर परत येऊ शकत होते. चोखोबांना देवळाच्या पायरीशीच थांबायचं होतं. महादजींचे जोडे आणि हे, यांत निष्ठेचा दर्जा वेगळा आहे, हेतू वेगळा आहे. वेषातून बाहेर येण्याची मुभा मात्र दोघांनाही सारखीच होती.

ज्यांना ती मुभा नव्हती, त्यांनी विसाव्या शतकात तो वेषच उतरवला. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. लुगडं नेसण्याची जी पद्धत तुमची जात सांगते ती सोडा, अंगावरचे कथलाचे दागिने सोडा. दुसऱ्या दिवशी बायका नव्या पद्धतीने लुगडं नेसून आल्या. काही पुढाऱ्यांना तेव्हा हा विषय पाणी आणि मंदिर यांच्या मानाने किरकोळ वाटला असेल. सोनारांच्या धोतराच्या निऱ्यांचा वाद ज्याने वाचला आहे, त्याला तो किरकोळ वाटणार नाही.

जोहारही सुटला. 1930 च्या दशकात 'जयभीम' रुजला, आणि त्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. आंबेडकर तेव्हा हयात होते, म्हणजे हा स्मरणाचा जयजयकार नव्हता, रोजच्या भेटीगाठींचा शब्द होता.

या शब्दाचं एक वैशिष्ट्य भाषेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखं आहे. 'जोहार मायबाप' म्हटल्यावर पाटलाने उलट 'जोहार' म्हणायची पद्धत नव्हती. तो हुंकार द्यायचा, नाहीतर सरळ काम सांगायचा. आशीर्वादाला उत्तर आशीर्वाद नसतं, साष्टांग नमस्काराला साष्टांग नमस्कार नसतो. हे सगळे शब्द एका दिशेने वाहणारे, वरून खाली नाहीतर खालून वर. जयभीमला उत्तर जयभीमच. म्हातारा तरुणाला म्हणतो, बाई पुरुषाला म्हणते, साहेब शिपायाला म्हणतो, आणि तोच शब्द तसाच परत येतो.

अर्थात तो कोणी कोणाला म्हणायचा, यावर पुन्हा एक रेघ पडलीच. कचेरीत 'जयभीम' म्हटल्यावर समोरून 'नमस्कार' येतो, असा अनुभव या सभागृहातल्या काहींना असेल. ते 'नमस्कार' म्हणणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय असतं, यावर ऐकायला आम्हाला आवडेल. प्रश्नोत्तरांना वेळ आहे, तिकडच्या माइकपासून सुरुवात करू या.